नानांचा ‘बास’

ढोलाचं पान बदलायला काढलं की आतून गुलाल निघतो. एका वर्षाचा नव्हे, कितीतरी मिरवणुकांचा. सोबत एखादं शर्टाचं बटण, ढोल वाजवायच्या टिपराची ढलपी, आणि एकदा तर खोबऱ्याचा वाळलेला तुकडा निघाला होता! दोन्ही बाजूंनी आवळून बंद केलेल्या ढोलात हे सगळं शिरतं कुठून, ते मला अजून कळलेलं नाही. पथक चालवणाऱ्याच्या डोक्यात किस्से असेच शिरतात. कधी शिरले ते कळत नाही, आणि आपण उघडलो की बाहेर पडायला लागतात.

मी अंबडचा. डिप्लोमा पुण्यात केला, आणि डिप्लोम्यापेक्षा जास्त मन लावून तिथल्या एका ढोल-ताशा पथकात वाजवलं. मग परत आलो. वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, तिथं दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची आणि डोक्यात एकच विचार घोळवायचा: गावाला खरं वादन ऐकवायचं. शिस्तीचं, ठरवून बसवलेलं, पंचवीस माणसांचा एक हात असलेलं.

गावात वाजवणारे आधीपासून दोघे होते. एक उस्मानभाईंचा ब्रास बँड, लग्नात वाजायचा तोच. दुसरी बबनची हलगी. बबन माझ्यासोबत चौथीपर्यंत शिकला. चौकात त्याची चहाची टपरी होती आणि गणपतीत आठ जणांचा त्याचा ताफा हलगी वाजवायचा. आमचं पथक उभं राहिलं की हे दोन्ही प्रकार दोन वर्षांत आपोआप बंद पडतील, असा माझा अंदाज होता.

आता सरळच सांगतो. पुढचे सगळे किस्से जळफळाटाचे आहेत, आणि जळणारा मी आहे.

* * *

पहिल्या वर्षी आम्ही सहा महिने कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या पटांगणात सराव केला. पांढरे झब्बे, केशरी फेटे, माझ्या गळ्यात पुण्याहून आणलेली शिट्टी. विसर्जनाच्या दिवशी भर दुपारी चौकात आलो आणि वाजवलं. संथ सुरुवात, मग चढत जाणारी लय, मध्ये ढोल अगदी हळू करून नुसत्या ताशांचा तुकडा, पुन्हा सगळे ढोल, आणि शेवटी माझ्या शिट्टीवर पंचवीस जण एका ठोक्यात गप्प! एक टिपरू मागं राहिलं नाही. पुण्यात या जागी लोक वेडे व्हायचे.

इथं चौकात एक बाई पोराचं नाक पुसत होती. एक जण सायकलची चेन बसवत होता.

कोपऱ्यावर भाजी विकणारी यमुनाआक्का पदर खोचत पुढं आली. आमच्या ढोलांकडं तिनं मायेनं बघितलं.

“झाली का रे लेकरांनो ठोकठाक?”

“हो आक्का, झालं,” मी म्हणालो.

“मंग वाजवा की आता!”

* * *

दोष वादनात नाही, ऐकणाऱ्यांत आहे, असं मी ठरवलं. यांना कुणी ऐकायला शिकवलेलंच नाही! दुसऱ्या वर्षी मी एक पत्रक छापलं. मथळा होता ‘रसिकांसाठी सूचना’. वादन चालू असताना बोलू नये. पथकाच्या मधून ये-जा करू नये. वादन संपल्यावर टाळ्या वाजवाव्यात. घरोघर वाटलं.

यमुनाआक्काला वाचता येत नव्हतं. आमचा ताशावाला दिगंबर, म्हणजे दिग्या, याच्याकडून तिनं ते वाचून घेतलं. टाळ्यांची सूचना ऐकली आणि तडक दुकानात आली.

“का रे, टाळ्या वाजवायच्या म्हणं?”

“हो आक्का. वाजवणाऱ्याला हुरूप येतो.”

“टाळ्या आरतीला वाजवत्यात बाबा. देवाच्या टाळ्या तुला कामून देऊ?”

मी चहा प्यायला बबनच्या टपरीवर गेलो. तो माझ्याच पत्रकावर भजी देत होता. ‘रसिकांसाठी’ या शब्दावर तेल उतरून तो आरपार दिसत होता.

“पक्या,” बबन म्हणाला, “कागद लई भारी छापला. तेल बराबर पितो. अजून हेत का?”

* * *

आता नाना. या सगळ्या प्रकरणाचं मूळ ते.

नाना टेलर म्हणजे गावातले सगळ्यात जुने शिंपी. हात थरथरायला लागले तशी त्यांनी शिलाई सोडली, पण दुकानाच्या ओट्यावर, बंद मशीनला टेकून रोज बसायचे. ओटा चौकाच्या वळणावर, बबनच्या टपरीला लागून. मिरवणुकीतलं प्रत्येक वाद्य तिथं थांबायचंच. नाना ऐकायचे. आवडलं की हात वर करायचे आणि खणखणीत आवाजात एकच शब्द म्हणायचे, “बास!”

हे मला माहीत नव्हतं. मी शिकायला गेलो तेव्हा लहान होतो, आणि लहानपणी मिरवणुकीत माझं लक्ष प्रसादात असायचं. त्यामुळं बबनचा ताफा ओट्यासमोर वाजवत असताना नानांनी “बास!” म्हटलं, तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणता! मी दिग्याच्या पाठीत गुद्दा घातला.

“बघ! म्हातारा वैतागला! बंद कर म्हणतोय!”

पण चौकात आरोळी उठली होती. लोकांनी बबनला खांद्यावर घेतलं होतं.

“दादा,” दिग्या म्हणाला, “नानांचा ‘बास’ म्हंजी याच्यापुढं काही उरलंच न्हाई. तसा ‘बास’ भेटावा म्हून लोक जिंदगी घालवतात.”

मग आमची पाळी आली. आम्ही पूर्ण अकरा मिनिटं जीव तोडून वाजवलं. नानांनी मान हलवली आणि म्हणाले, “छान.”

‘छान’ हा शब्द आमच्याकडं आजाऱ्याच्या खिचडीला वापरतात.

त्या दिवसापासून मला झोपेतसुद्धा एकच गोष्ट हवी होती. नानांचा ‘बास’. त्यांनी तो बबनला दर वर्षी दिला, उस्मानभाईंना दोनदा दिला. मी मित्रांना सांगत सुटलो, “त्यात काय! नाना दिवसातून दहा वेळा बबनला ‘बास’ म्हणतात. तो बशीत चहा ओततो, बशी भरली की म्हणतात. सवय लागलीये त्यांना!”

कुणी हसलं नाही. मलाही फारसं हसू आलं नव्हतं.

* * *

हलगी चामड्याची. पावसाळी हवेत ती सैल पडते, मग वाजवायच्या आधी जाळावर शेकावी लागते. बबनचा ताफा चौकात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करायचा, आठ जण गोल बसून हलग्या फिरवायचे, मध्येच एक बोट टिचकी मारून बघायचं. टण्ण! “न्हाई, अजून न्हाई.” पुन्हा फिरवायचे. आणि हे बघायला गर्दी! शेतावरून येणारी माणसं घरच्या पऱ्हाट्या काखेत मारून आणायची, आपली काडी जाळात पडावी म्हणून. आमच्या वाजवण्याला जमत नव्हती तेवढी माणसं त्यांच्या शेकण्याला जमायची.

मी बबनला म्हणालो, “आमची पानं फायबरची आहेत. पावसानं सैल पडत नाहीत.”

“म्हंजी तुम्हाला शेकायला बसावंच लागत न्हाई?”

“अजिबात नाही!”

“अरारारा,” बबन खऱ्या कळवळ्यानं म्हणाला.

तिसऱ्या वर्षी माझा तोल गेला. चौकाच्या दुसऱ्या टोकाला आम्हीही जाळ केला. गोल बसलो. शेकण्याची गरज नव्हती, नुसतं दाखवायचं होतं. मी स्वतः ढोल धरला, जाळावर फिरवला, गंभीर चेहरा करून टिचकी मारली. लोक वळायला लागले. अजून थोडा खाली धरला. अजून लोक आले. मी अजून खाली धरला.

पान आधी चमकलं, मग मधोमध खोलगट झालं, मग आखडत आखडत एका बाजूला गोळा झालं. असा वास सुटला की गणपतीच्या ट्रॅक्टरवरचे भटजी नाकाला उपरणं लावून खाली उतरले.

गर्दी मात्र त्या दिवशी आमच्याकडंच होती. सगळं गाव. उस्मानभाई लोकांच्या खांद्यांवरून डोकावले आणि म्हणाले, “इंजिनेर साब, भजिये तलने लगे क्या?”

* * *

उस्मानभाईंच्या बँडचा मला वेगळाच राग होता. त्यांना शैलीच नव्हती! डॉक्टरांच्या घरासमोर भजन, ट्रान्सपोर्टवाल्याच्या घरासमोर सिनेमातलं गाणं, पुढं दोन दारं गेलं की एकदम लावणी. खांद्यावर सोनेरी झालर, हातात क्लॅरिनेट, आणि ज्या दाराला जे आवडेल ते. मी त्यांना तोंडावर विचारलं, “उस्मानभाई, तुम्हाला स्वतःचं असं काही वाजवावंसं वाटत नाही?”

त्यांनी क्लॅरिनेटची जिभली काढून पुसली. “देखो इंजिनेर साब. शादी में दुल्हे का बाप देखो, और जुलूस में खिडकी देखो. खिडकी खुली तो समझो बजाना बराबर है. तुम लोगां सब शिट्टी कू देखते.”

मी रागानं निघून आलो. पण पुढच्या मिरवणुकीत एक वही घेऊन त्यांच्या मागं मागं फिरलो. कोणत्या घरासमोर काय वाजवतात आणि किती खिडक्या उघडतात, सगळं खांबाआड उभं राहून लिहून घेतलं. हा खरं तर अभ्यास होता, पण लपून केला की त्याला दुसरं नाव आहे.

शेवटच्या घरासमोर त्यांनी वाजवणं थांबवलं आणि खांबाकडं न बघताच म्हणाले, “लिख लिया? तीसरे घर का गलत लिखा तुमने. वो खिडकी हमारे वास्ते नहीं खुली, दूधवाला आया था.”

* * *

हसनाबादहून पोळ्याचं आमंत्रण आलं, तेव्हा मला वाटलं, चला, आपल्या गावाला कळलं नाही, भोकरदन तालुक्याला तरी कळेल. टेम्पो करून गेलो. वेशीत तोरणाखाली सजवलेले बैल रांगेत उभे. झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. सरपंच म्हणाले, “होऊ द्या.” मी शिट्टी मारली.

पंचवीस जणांचा पहिला ठोका एकदम पडला आणि समोरची अख्खी गर्दी उसळली! माणसं धावत होती, ओरडत होती, फेटे हवेत उडत होते. माझे डोळे भरून आले. असा प्रतिसाद आम्हाला कधीच मिळाला नव्हता! मी दोन्ही हातांनी खूण केली: अजून जोरात!

दिग्यानं माझा झब्बा ओढला तेव्हा मला दिसलं की तोरणाखाली एकही बैल राहिलेला नाही.

त्या धावपळीत माझी शिट्टी तुटून पडली आणि खुराखाली चपटी झाली. सरपंच घामाघूम होऊन आले. त्यांनी आम्हाला रागावून काही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते हात जोडून म्हणाले, “तुमचं लई मोठं हे. आमच्या जनावरायला झेपलं न्हाई.”

मग त्यांनी माणूस पाठवून जीपमधून कुणाला आणावं? बबनला! बबन आला, वेशीत एकटाच बसला, हलगी शेकली आणि वाजवायला लागला. हळूहळू कपाशीच्या रानातून, ओढ्यातून, एकेक बैल झूल ओढत परत यायला लागला. येऊन तोरणाखाली आपापल्या जागी उभा राहायला लागला.

माणसं त्याची होती, ते मी सोसलं होतं. आता बैलसुद्धा!

शिट्टी गेली म्हणून त्यानंतर पथक थांबवायला मी दुसरी खूण ठरवली. हात वर करायचा आणि ओरडायचं, “बास!” पोरांनी ती इतकी घोटली की झोपेत कुणी “बास” म्हटलं असतं तरी टिपरं थांबली असती. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. निदान सरावात तरी तो शब्द रोज माझ्या पथकाच्या कानावर पडायचा.

* * *

यानंतर दिग्या बदलला. ताशावर काहीतरी नवीन यायला लागलं. ठोक्यांच्या मधल्या जागेत तो एक लचक द्यायचा, तिरकी, पाय हलवायला लावणारी. मला ओळखू आली. ती बबनच्या हलगीची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरीच्या मागं गेलो. दिग्या चहाच्या रिकाम्या डब्यावर वाजवत होता आणि बबन कप विसळता विसळता सांगत होता, “घाई न्हाई करायची. ठोका येऊ दे. तो येतो आपल्या पायानं.”

“बबन्या, माझी माणसं फोडतोस का?” मी ओरडलो.

“फोडतो कशाला बे? त्यानं इचारलं, मी सांगितलं.” त्यानं हात पुसले. मग जरा लाजत म्हणाला, “पक्या, तू आलाच हेस तर एक इचारू? तुमचं ते थांबणं शिकव ना मला.”

“काय?”

“थांबणं. पंचवीस जणं एकदम गप होतात. आम्ही आठ हाव, तरी थांबताना एक जण मागं राह्यतोच. मी दर वर्षी तुमचं सगळं त्याच्यासाठीच ऐकतो. शेवटाला अंगावर काटा येतो.”

इतक्या वर्षांत कुणी मला असं म्हटलं नव्हतं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, “ते असं टपरीवर शिकवता येत नाही. त्याला पुण्यात राहावं लागतं.”

बबन म्हणाला, “बराबर हे.” आणि मला चहा दिला.

मी तो प्यायलो. दिग्याला घेऊन परत आलो. खूप दिवस ते थांबणं शिकवायला किती वेळ लागला असता याचा हिशेब मनात करत होतो. एक दुपार पुरली असती.

* * *

त्याच वर्षीच्या मिरवणुकीला नानांना दोघांनी धरून ओट्यावर आणलं. पायावर घोंगडी, पाठीशी बंद मशीन. आवाज मात्र तोच. उस्मानभाईंनी वाजवलं, चारी बाजूंच्या खिडक्या उघडल्या. बबनच्या ताफ्यानं वाजवलं, नानांनी डोळे मिटून ऐकलं, पण काही म्हणाले नाहीत. लोक एकमेकांकडं बघायला लागले. बबनला ‘बास’ नाही, असं कधी झालं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

बबननं हलगी ओट्याच्या कडेला ठेवली आणि टपरीत शिरला.

आम्ही उभे राहिलो. दुकानात वडील म्हणाले होते, “नाना पुढच्या साली असतील का न्हाई, देव जाणे.” म्हणजे आज नाही तर नाहीच.

सुरुवात केली. चढवत नेलं. मग ढोल खाली आणले, इतके खाली की नुसती घरघर राहिली, आणि दिग्याचा ताशा सुटला. त्यानं ती लचक दिली. मी आधी त्याला ती बंद करायला सांगितलं होतं. त्या दिवशी वाजवू दिली. यमुनाआक्काची मान हलायला लागली. सायकलवाल्यानं सायकल भिंतीला लावली. बबनचे सात जण पुढं सरकले, त्यांचे पाय हलत होते. उस्मानभाईंनी टोपी काढून हातात घेतली. दिग्या वर चढत चालला होता, आणि अजून आमचे मोठे ठोके, शेवटचा चढाव, सगळं बाकी होतं...

ओट्यावर हात वर गेला.

“बास!”

पंचवीस जण एका क्षणात थांबले.

मी काही खूण केली नव्हती. पोरांनी शब्द ऐकला आणि थांबली. एक टिपरू मागं राहिलं नाही. दिग्याची काडी ताशापासून बोटभर वर तशीच. अख्ख्या चौकात फक्त ट्रॅक्टरवरच्या तोरणातली पानं वाजत होती.

मग जी आरोळी उठली! मला कुणी उचललं ते कळलं नाही. यमुनाआक्का दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती. देवाच्या टाळ्या!

लोकांच्या खांद्यांवरून मला ओटा दिसला. नानांचा एक हात अजून वरच होता. दुसऱ्या हातात बशी होती, काठोकाठ भरलेली, आणि चहा त्यांच्या अंगठ्यावरून घोंगडीवर गळत होता. शेजारी किटली घेऊन बबन उभा होता. किटली अजून तिरकीच होती, आणि तो बशीकडं बघत नव्हता. तो माझ्या पंचवीस जणांकडं बघत होता.

नाना त्या हिवाळ्यात गेले. त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

बबनला मी अजून विचारतो. मध्यंतरी त्याच्या आठ जणांना घेऊन आम्ही जिनिंगच्या पटांगणात थांबण्याचा सराव करत होतो, तेव्हाही विचारलं, “खरं सांग बबन्या. नाना कुणाला म्हणाले?”

तो पऱ्हाट्या मोडत होता. मान वर न करता म्हणाला,

“त्या दिवशी चहा लई चांगला झाल्ता, पक्या.”